पावतीवरचा सात एक दिसायला लागला तेव्हा

निपाणीच्या आमच्या अडत दुकानात पावतीला अजूनही ९ पिनांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच लागतो. पिन शाईच्या फितीवर आपटते आणि त्याच दाबानं खालच्या कार्बन प्रतीही उमटतात. लेसरला हे जमत नाही. एक प्रत शेतकऱ्याला, एक आम्हाला.

मध्यंतरी अक्षरांचा माथाच उमटेना. इंग्रजी सात चक्क एक वाटायचा! वजनाच्या रकान्यात हे कसं चालेल? शेतकऱ्याच्या घामाचा हिशेब असतो तो.

सेल्फ टेस्ट, म्हणजे कॉम्प्युटरशिवाय प्रिंटर स्वतःच छापतो ते चाचणीचं पान, काढली. त्यातही वरची रेघ कोरीच. म्हणजे दोष कॉम्प्युटरचा नव्हता. प्रिंटर बंद करून पिना बसवलेलं छपाईचं हेड गार होऊ दिलं (छापून झाल्यावर चांगलाच चटका बसतो), मग काढलं. मल्टिमीटरनं प्रत्येक पिन हलवणाऱ्या कॉइलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा, रोध मोजला. सगळे जवळपास सारखे, म्हणजे कॉइल जळलेली नव्हती. भिंगातून पाहिलं तर वरच्या पिनेच्या तोंडाशी शाई आणि कागदाचा भुसा मिळून काळा गोळा बसलेला.

बाटलीच्या झाकणात आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन फक्त पिनांची टोकं बुडवली. काळी शाई सुटेल तसं ते बदलत राहिलो. पूर्ण वाळल्यावरच हेड बसवलं. फीतही विरली होती. तिचेच धागे पिनांत अडकतात, म्हणून नवी घातली.

आता सात स्वच्छ उमटतो, खालची प्रतही नीट वाचता येते. थिनर मात्र कुणी वापरू नका, प्लास्टिक खराब होतं.