दोघांच्या बोटीची शिदोरी आणि पहारा

शिडाच्या बोटीतून प्रशांत महासागर ओलांडायचा तर तयारी बेळगावातच सुरू होते. बेळगाव बासमती, हरभराडाळ, पोहे आम्ही रविवार पेठेतून भरतो. बोटीवर चढवण्याआधी सगळं हवाबंद डब्यांत काढा. पुठ्ठ्याचं एकही खोकं आत नको, त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. कांदे आणि बटाटे वेगळ्या जाळ्यांत टांगा. अंडी न धुतलेली, फ्रीजमध्ये न ठेवलेली घ्या आणि दिवसाआड उलटी करा.

प्रशांतातल्या गालापागोस बेटांपासून फ्रेंच पॉलिनेशियातल्या मार्केसास बेटांपर्यंत सुमारे ३,००० सागरी मैल. रात्री तीन-तीन तासांचा पहारा लावा. पहाटेचा आमच्या ह्यांचा, त्यांना चहा करून द्यायचा माझा हट्ट. दुसऱ्याला उठवल्याशिवाय, कमरेचा पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय कुणीही पुढच्या डेकवर जायचं नाही. ह्यात सूट नाहीच.

फ्रेंच पॉलिनेशियातल्याच तुआमोतूच्या कंकणाकृती प्रवाळबेटांत शिरताना प्रवाळाच्या खिंडीतला प्रवाह थांबेपर्यंत बाहेरच राहा. सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी हवा. एकानं पुढे उभं राहून पाण्याचा रंग सांगायचा: गडद निळं खोल, फिकट हिरवं उथळ, तपकिरी दिसलं की वळा. प्रवाळातला मासा गावकऱ्यांना विचारूनच खा, अशा माशांत असू शकणारं सिग्वातेराचं विष शिजवून जात नाही.

दक्षिण प्रशांतात चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. त्याआधी न्यूझीलंड गाठत असाल तर बोटीवरचा प्रत्येक खाद्यपदार्थ तिथं जाहीर करा, आईच्या हातचं लोणचंसुद्धा.