एल निनो म्हणजे दुष्काळच? समुद्राच्या नोंदी वाचताना या चुका टाळा

एप्रिल उजाडला की फोनवर तोच मजकूर फिरतो: ‘यंदा एल निनो, पाऊस दगा देणार.’ एल निनो म्हणजे विषुववृत्ताजवळच्या प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं. अशा एका ओळीवर बियाणं आणि कर्ज ठरवणारी माणसं आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे एल निनो आणि दुष्काळ एकच समजणं. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक होता, तरी देशात मान्सून सरासरीच्या १०२ टक्के बरसला. २००२ चा एल निनो त्यामानाने सौम्य, पण पाऊस ८१ टक्क्यांवर अडला आणि जुलै तर हातचा गेला. १९९७ मध्ये प्रशांत महासागराचं पाणी मुख्यतः पूर्वेला, पेरूच्या बाजूला तापलं होतं. २००२ मध्ये मध्यभागी. मध्यभाग तापला की हवा खाली बसण्याचा, म्हणजे पाऊस अडवणारा पट्टा भारताच्या अंगावर येण्याची शक्यता वाढते. शिवाय १९९७ मध्ये आपल्या हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू गरम आणि सुमात्राकडची थंड होती, तिनेही मान्सूनला हात दिला. म्हणून ‘एल निनो आहे का?’ एवढंच विचारू नका. पाणी कुठे तापलंय आणि हिंदी महासागर काय करतोय, तेही विचारा.

दुसरी चूक थोडी खोल आहे: हे नातं कायम सारखंच राहतं असं धरणं. गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये भारताच्या वेधशाळांचे प्रमुख झाले आणि मान्सूनचा अंदाज शोधता शोधता प्रशांत महासागराच्या दोन टोकांवरच्या हवेच्या दाबाचा, एल निनोशी जोडलेला झोका त्यांनी ओळखला. पण १९९९ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील के. कृष्ण कुमार आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एल निनो-मान्सून नातं अलीकडच्या दशकांत सैल पडलं होतं. तीस वर्षांच्या आकड्यांवर बसवलेलं सूत्र पुढच्या तीस वर्षांत चुकलं, तर आधी हेच तपासा.

तापमानाचा आलेख कुठल्या वर्षापासून सुरू केलाय, तेही पाहा. १९९८ हे एल निनोमुळे तापलेलं वर्ष. तिथून रेघ ओढली की पुढची वर्षं थंडावल्यासारखी भासतात. प्रशांत महासागराची दशकांची चाल, म्हणजे पाणी गरम-थंड होण्याचा संथ झोका, वीस-तीस वर्षं एकाच बाजूला झुकून राहू शकते. पंधरा वर्षांत तिचा थांग लागत नाही.

१९४५ च्या सुमारास जुन्या नोंदींत समुद्राचं तापमान एकदम घसरलेलं दिसलं, तर समुद्राला दोष देऊ नका. युद्धकाळात बऱ्याच नोंदी अमेरिकी जहाजांच्या इंजिनात घेतलेल्या पाण्याच्या होत्या. युद्धानंतर ब्रिटिश जहाजांच्या बादलीने काढलेल्या पाण्याच्या नोंदी पुन्हा वाढल्या. बादलीतलं पाणी बाष्पीभवनाने थंड होतं. घसरण मुख्यतः मोजमापातली होती.

दोन ठिकाणचे एल निनोचे आकडे, म्हणजे पाणी सरासरीपेक्षा किती तापलं ते, जुळत नसतील, तर सरासरी कोणत्या वर्षांची धरलीय ते बघा. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

आणि मार्च-एप्रिलच्या अंदाजावर सगळा भार टाकू नका. त्या काळात प्रशांत महासागराची पुढची चाल ओळखणं सर्वांत अवघड असतं. हवामान विभाग मेअखेरीस सुधारित अंदाज देतो. बियाण्याचा शेवटचा निर्णय तोवर थांबवता आला, तर थांबवा.