‘मी मदत करतो ना’ म्हणणं सोडा: दोघांचं करिअर आणि पोरं एकत्र सांभाळायची आमची रीत

मुलगी पहिलीत होती तेव्हाची गोष्ट. मी एका मोठ्या क्लायंटसमोर प्रेझेंटेशन देत होतो आणि टेबलावर पालथा ठेवलेला फोन सारखा थरथरत होता, शाळेचा नंबर, मी कट केला, परत आला, परत कट केला, कारण डोक्यात हेच की शाळेकडे बायकोचाही नंबर आहे, ती बघेल. तिकडे बायकोने पण दोनदा कट केला होता, कारण तिचीही मिटिंग होती आणि ते तिने मला आदल्या रात्री सांगितलेलं. म्हणजे असं तिचं म्हणणं, मला आजपर्यंत आठवलेलं नाही. पोरगी पाऊण तास शाळेच्या ऑफिसात ताप अंगात घेऊन बाकावर बसून होती, दप्तर मांडीवर धरून.

रात्री भांडण झालं ते होणारच होतं. पण भांडता भांडता लक्षात आलं की आज फोन आला तर कोणी उचलायचा हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं. मी धरून चाललो होतो की ती, ती धरून चालली होती की निदान आज तरी मी. करिअर आणि घर म्हणजे तारेवरची कसरत वगैरे आपण म्हणतो, पण आमचा अर्धा त्रास कसरतीचा नव्हताच, न ठरवण्याचा होता. त्यानंतर तीन-चार वर्षांत आम्ही जे जे ठरवत गेलो ते लिहितोय, आईबाप दोघं नोकरी करणारे असाल तर काहीतरी उपयोगाचं सापडेल. एकट्याने मूल वाढवत असाल तर जिथे ‘जोडीदार’ लिहिलंय तिथे आई, भाऊ, मैत्रीण, जो कोणी तुमच्यासाठी धावून येतो त्याचं नाव घाला, बोलणी तीच करायचीत.

सगळ्यात आधी, तुम्हाला काय व्हायचंय ते घरात तोंडाने बोला. ऐकायला बावळट वाटतं पण आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि बायकोला डिपार्टमेंट हेड व्हायचंय हे मला तिच्या ऑफिसातल्या एका माणसाकडून कळलं. तिला वाटायचं की बोलून दाखवलं तर स्वार्थी वाटेल. मी मात्र माझ्या प्रमोशनबद्दल जेवताना रोज बोलायचो, त्यामुळे घरात सगळं माझ्या प्रमोशनभोवती आपोआप फिरायला लागलेलं, कोणी न ठरवता. न बोललेली इच्छा घरच्या शेड्यूलमध्ये कधी बसतच नाही, कारण तिच्यासाठी जागा करायची हे कोणाला माहीतच नसतं.

तर बसा एकदा, पोरं झोपल्यावर, आणि दोघांनी सांगा की पुढच्या वर्षभरात मला कामात नेमकं काय हवंय. मग कोणाचे कुठले महिने जड जाणार ते बघा. दोघांनी एकाच वेळी ॲक्सिलरेटर दाबला तर घराचं काय होतं ते आम्ही एका वर्षी पाहिलंय, परत बघायची इच्छा नाही. आता आम्ही साधारण सहा-सहा महिन्यांचं बोलून घेतो, या सहामाहीत तिचा जोर, मी जरा सांभाळून, पुढच्या वेळी उलट. उलट होतंय का याकडे मात्र लक्ष ठेवा, नाहीतर ‘तात्पुरतं’ म्हणून एकानेच दहा वर्षं मागे राहायचं असं होतं.

हे मी उगाच म्हणत नाही. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं ते स्त्रियांच्या नोकऱ्या आणि पगार यांच्यावरच्या कामासाठी. त्यांनी दाखवलेल्या गोष्टींपैकी माझ्या डोक्यात राहिली ती ही, की आजच्या श्रीमंत देशांत पुरुष आणि स्त्रियांच्या पगारातला फरक बराचसा एकाच पेशातल्या लोकांमध्ये असतो आणि तो मुख्यतः पहिलं मूल झाल्यावर पडायला लागतो. काही नोकऱ्या अशा असतात की जो कधीही, केव्हाही हजर राहील त्याला जरा जास्त नाही, खूपच जास्त मिळतं. मग घरोघरी हिशोब होतो, एकाने ती नोकरी धरायची आणि दुसऱ्याने घराला बरी पडेल अशी. हा हिशोब करू नका असं माझं म्हणणं नाही, काही वेळा तोच परवडतो. पण तो कागदावर करा. नकळत होऊन गेला तर तो नेहमी त्याच माणसाच्या अंगावर पडतो.

आता मदतीबद्दल. मी स्वतःला फार मदत करणारा नवरा समजायचो. सांगितलेलं सगळं करायचो, खरंच करायचो. गोची ‘सांगितलेलं’ या शब्दात आहे. मुलाला डॉक्टरकडे नेणं म्हणजे मला वाटायचं गाडी काढायची, बसायचं, परत यायचं. त्याच्या आधीची तारीख लक्षात ठेवणं, अपॉइंटमेंट घेणं, फाईल शोधणं, मागच्या औषधाने पुरळ आलेली ते डॉक्टरांना सांगणं, आणि नंतर पाच दिवस डोस मोजणं हे सगळं बायकोच्या डोक्यात चालू असायचं, मी फक्त ड्रायव्हर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये ६४ देशांचे आकडे घेऊन काढलं होतं की घरातलं बिनपगारी सांभाळण्याचं काम बायका पुरुषांच्या ३.२ पट वेळ करतात. आणि लक्षात ठेवण्याचं काम असं घड्याळ लावून मोजताही येत नाही.

म्हणून एक आठवडा हे करा: फ्रिजवर कोरा कागद लावा आणि ज्याला जे लक्षात ठेवावं लागलं ते त्याने तिथे लिहायचं, केलं ते नाही, आठवलं ते. बूट लहान झाले, नखं कापायची, शाळेची सही, गॅदरिंगचे कपडे, मित्राच्या वाढदिवसाचं गिफ्ट. आमच्या कागदावर रविवारी ४१ ओळी होत्या आणि माझ्या अक्षरात सात. त्या सातांपैकी दोन इंटरनेट बिलाच्या होत्या, एकच गोष्ट दोनदा लिहिलेली.

मग कामं वाटा, पण तुकडे करून नाही, अख्खी. आमच्याकडे ‘आजारपण’ हे खातं पूर्ण माझं, ताप मोजण्यापासून औषध संपलं की आणण्यापर्यंत. ‘शाळा’ तिचं. कपडे माझे. आणि ज्याचं खातं त्याचीच पद्धत, दुसऱ्याने मागे उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत, हे वाचायला सोपं आहे पण बायकोला जड गेलं, पहिल्या महिन्यात मुलगा दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालून गेला तेव्हा ती दारात ओठ घट्ट मिटून उभी होती. बोलली नाही. मी तेव्हा तिला मनातल्या मनात दंडवत घातला.

आजारपणाचं निघालंच आहे तर, लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणं अगदी नेहमीचं आहे आणि नुकतंच पाळणाघरात जायला लागलेलं मूल असेल तर त्याहून जास्त. म्हणजे ही इमर्जन्सी नाहीच, फक्त तारीख माहीत नसलेली ठरलेली गोष्ट आहे. तरी आपण दरवेळी आभाळ कोसळल्यासारखं करतो. आमचा उपाय असा, रविवारी रात्री पंधरा मिनिटं दोघांची कॅलेंडरं शेजारी शेजारी उघडायची. हलवता येणारच नाही ती मिटिंग लाल. आठवड्यात लाल फार तर दोन, नाहीतर सगळंच लाल होतं आणि मग भांडण. त्यावरून प्रत्येक दिवसापुढे एक नाव लिहायचं, आज फोन आला तर हा जाणार. दोघांचंही लाल एकाच दिवशी आलं तर तिसरं नाव आधीच विचारून ठेवायचं, आणि त्या तिसऱ्या माणसाला शाळेच्या कागदावर परवानगी लावून ठेवायची, नाहीतर तो पोचतो आणि शाळा मूल देत नाही. हे पण अनुभवाने.

ऑफिसात काय सांगायचं यावर लोक फार अडखळतात. माझं मत, खोटं बोलू नका. मुलाचा कार्यक्रम असेल तर डेंटिस्टचं नाव सांगू नका, तुम्ही लपवलंत की तुमच्या हाताखालचेही लपवतात. आणि बॉसकडे ‘जरा ॲडजस्ट करता येईल का’ असं मोघम मागू नका, त्याला त्यातून काहीच कळत नाही, फक्त भीती वाटते. मी असं सांगितलं होतं: साडेपाच ते साडेआठ मी नाही, साडेआठनंतर एकदा मेसेज बघतो, खरंच आग लागली असेल तर फोन करा, मेसेज नको. आणि महिनाभर ते काटेकोर पाळलं. लोकांना तुमची गैरहजेरी एवढी खुपत नाही, तुम्ही कधी असाल याचा भरवसा नसणं खुपतं. अर्थात प्रत्येक नोकरीत हे चालत नाही, शिफ्टची ड्युटी असेल, दवाखान्यात असाल तर साडेपाचला उठता येत नाही. तिथे निदान शिफ्ट किती दिवस आधी कळेल यावर भांडा, वेळ कमी मिळाला तरी आधी कळणं हे अर्धं काम करतं.

अजून एक, जास्त तास बसणं म्हणजे महत्त्वाकांक्षा हा गैरसमज माझाही होता. मागच्या दोन वर्षांत मला ज्या कामांमुळे बढती मिळाली ती एका कागदावर लिहिली तर तीन निघाली. बाकी सगळ्या मिटिंगा मी ‘दिसावं’ म्हणून बसत होतो. दोन सोडल्या. कोणी विचारलंही नाही, त्याचं जरा वाईट वाटलं.

आता घरी आल्यावरचं. सोफी लेरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ मध्ये मांडलं होतं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्यावर गेलो तर डोक्याचा एक भाग जुन्यातच अडकून राहतो. आपण शरीराने घरात आणि डोक्याने त्या ईमेलमध्ये. हे मला संशोधनाने नाही, मुलाने दाखवलं. अडीच वर्षांचा होता, जमिनीवर ठोकळे मांडत होता, मी म्हटलं चल अंघोळ. त्याने वर न बघता एक बोट उभं केलं आणि म्हणाला, ‘एकच मिनिट हं.’ बोट अगदी माझ्यासारखं, जरासं वाकडं. बायको किचनमधून हसत होती पण मला काही हसू आलं नाही.

तेव्हापासून मी लिफ्टमधून बाहेर पडलो की जिन्यात चार मिनिटं थांबतो. अर्धवट राहिलेलं काम आणि उद्या त्यातली पहिली पायरी कुठली ते वहीत एका ओळीत लिहितो. मग फोन चपलांच्या कपाटावरच्या डब्यात, आवाज चालू ठेवून, कारण खरी आग असेल तर वाजेलच. शेजारचे काका पहिले काही दिवस काळजीने विचारायचे, घरात सगळं ठीक आहे ना.

आणि संध्याकाळचं गणित खरंच करून बघा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२. सकाळी साडेसहाला उठणारी मुलगी निदान साडेनवाच्या आत झोपायला हवी. मी आठला पोचलो तर हातात दीड तास, त्यात जेवण, ब्रश, दप्तर. या दीड तासात अभ्यासावरून लेक्चर आणि ‘आज टीचर काय म्हणाल्या’ची उलटतपासणी घातली की संपलं. आम्ही अभ्यास सकाळी नेला, अर्धा तास, दोघंही पेंगत. संध्याकाळी फक्त लोळणं. शनिवार-रविवारी सगळं भरून काढू असं ठरवलं होतं तेही सोडलं, कारण शनिवारी पोरांना आपल्याशी नाही, मित्रांशी खेळायचं असतं.

बाळ अगदी लहान असेल आणि सुट्टी संपवून रुजू होणार असाल तर एक माहीत असू द्या, आईबाप नजरेआड झाले की रडण्याचा काळ साधारण आठ-नऊ महिन्यांना सुरू होतो आणि पुढे वर्ष-दीड वर्षापर्यंत जोरात असतो. म्हणजे तुम्ही नेमकं नवव्या महिन्यात रुजू झालात तर पाळणाघराच्या दारात रडारड होणारच, ती तुमच्या नोकरीची शिक्षा नव्हे. गुपचूप सटकू नका, छोटा टाटा करून जा. आणि तिथल्या ताईंना विचारा की मी गेल्यावर किती वेळ रडला. आमचा चार मिनिटं रडायचा. मी मात्र ऑफिसात जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच मूडमध्ये असायचो.

स्वतःसाठी वेळ काढा वगैरे सगळे सांगतातच, काढा. घरकामाला पैसे देऊन माणूस लावणं परवडत असेल तर बिनधास्त लावा, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. फक्त त्या माणसाच्या सुट्ट्या पण रविवारच्या कॅलेंडरवर टाका.

ही वाटणी दर काही महिन्यांनी मोडते, मुलं मोठी होतात, शाळा बदलते, कोणाची तरी टीम बदलते. मोडली की परत कागद लावायचा. मागच्या रविवारी आम्ही बसलो होतो तर मुलगी येऊन म्हणाली मला पण एक रंग द्या. जांभळा दिला. तिने बुधवारी दुपारी चारला एक जांभळी चौकट ओढली, आत लिहिलं ‘मॅच, दोघांनी यायचं’, आणि खाली दोन रेघा. बुधवारी चारला माझं लाल आहे. उद्या सकाळी मॅनेजरला फोन करायचाय.