मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी घरच्यांनी काय तयारी करायची

मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहायची नाही. फार पिकला की तो कडक होतो, ऑपरेशन अवघड होतं, आणि डोळ्यातलं नैसर्गिक भिंग फुगलं तर डोळ्यातला दाब वाढून डोळा ठणकू लागतो. समोरून येणारे गाडीचे दिवे पसरलेले दिसू लागले किंवा चष्म्याचा नंबर सारखा बदलू लागला, की तपासून घ्यावं.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मापं घेण्याआधी त्या बंद ठेवा, मऊ असतील तर निदान आठवडाभर. नाहीतर आत बसवायच्या भिंगाचा नंबर चुकतो.

चालू गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल किंवा पूर्वी घेतली असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तिच्यामुळे बाहुली पुरेशी मोठी होत नाही, ऑपरेशन चालू असताना बुबुळ ढिलं पडतं. गोळी थांबवूनही हा परिणाम जात नाही, पण आधी माहीत असलं की डॉक्टर तयारीत राहतात. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. उपाशी बोलावलं असेल तर त्या सकाळच्या इन्सुलिनचं काय करायचं हे आदल्या दिवशीच विचारा. डोळ्याच्या नाकाजवळच्या कोपऱ्यावर दाबल्यावर पू येत असेल, तर आधी त्याचा उपचार. तेच जंतू डोळ्याच्या आत गेले तर नजर जाऊ शकते.

आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ उरकून घ्या, नंतर बरेच दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नसतं. काजळ नको.

खरी कसोटी ऑपरेशननंतर घरी, थेंब घालताना लागते. थेंब कोण घालणार हे आधीच ठरवा. हात साबणाने धुवा, रुग्णाला वर बघायला सांगा, खालची पापणी अलगद ओढा आणि तिथे एकच थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. डोळा दोन मिनिटं मिटून ठेवायचा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. लगेच घातलं तर पहिलं वाहून जातं. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची दुधाळ बाटली हलवूनच वापरा, औषध तळाशी बसलेलं असतं.

ठणका किंवा लाली वाढली, दिसणं कमी झालं, प्रकाश चमकल्यासारखा वाटला किंवा पडदा आल्यासारखं झालं, तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा. त्यांचा नंबर औषधांच्या डब्यावरच चिकटवा. कोर्स संपला की स्टेरॉइडची बाटली फेकून द्या. पुढे कधी डोळे आले म्हणून तीच घालत राहिल्यास काचबिंदू होऊ शकतो.