सर्वो जोडला की ऊनोवरची मोटर थांबते: बोर्ड बदलण्याआधी वाचा

अडथळा टाळणारा रोबो. आर्डुइनो ऊनो आर३ (मायक्रोकंट्रोलर बोर्ड), मोटर चालवणारा एल२९८एन ड्रायव्हर, सेन्सर फिरवायला छोटा सर्वो (दिलेल्या कोनात फिरणारी मोटर). सर्वो अटॅच केला की पिन ९ आणि १० वरच्या मोटर २५५ (पूर्ण वेग) ला सुसाट, पण १५० दिले की गप्प.

बॅटरी, ड्रायव्हर, वायरी सगळं बदलून पाहिलं. वैताग आला. आर्डुइनो मेगा (मोठा बोर्ड) घ्यायच्या बेतात होतो.

कारण असं: ऊनोवर सर्वो लायब्ररी टायमर १ (चिपमधलं एक घड्याळ) ताब्यात घेते आणि ९, १० वरचं पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग कमी-जास्त करणं) जातं, सर्वो कुठल्याही पिनवर असो.

उपाय: आधी वीज काढा. एल२९८एनच्या ईएनए, ईएनबी (दोन मोटरींचा वेग ठरवणाऱ्या पिना) वरचे जंपर अजून असतील तर काढा. ईएनए पिन ५ ला, ईएनबी पिन ६ ला जोडा. या पिना टायमर ० वर चालतात. सर्वोची सिग्नल वायर ९ वर चालेल. कोडमधले पिन नंबर बदला, अपलोड करा, मग १५० देऊन बघा. मोटरचा आवाज थोडा वेगळा येईल, कारण इथे पीडब्ल्यूएम ४९० ऐवजी सुमारे ९८० हर्ट्‌झ असतं.

मेगावर १२ सर्वोंपर्यंत ही अडचण येत नाही. पण एका सर्वोसाठी मेगा? ऊनो पुरे.