पथकाचं नाणं आणि बुजलेला रफार

आमच्या ढोल-ताशा पथकाला दहा वर्षं झाली, म्हणून पोरापोरींना आठवणीचं पितळी नाणं द्यायचं ठरलं. नमुना हातात आला आणि तोंडच उतरलं. ४० मिमीच्या गोलात ढोल, ताशा, ध्वज, कडेनं पूर्ण नाव. 'वर्षे'चा रफार मिन्याच्या, म्हणजे धातूवर भरायच्या रंगात बुजून नुसता ठिपका झालेला! कारागीर म्हणाला, "स्क्रीनवर तर छान दिसत होतं." दिसणारच, तिथे मोठं करून बघतो ना आपण. (चूक माझीच, मंजुरी मीच दिली होती.)

मग डिझाइन खऱ्या मापात कागदावर छापून हातभर लांब धरलं. जे वाचता येईना ते काढलं. ढोलाच्या दोऱ्या सोळाच्या सहा केल्या, ध्वज उडवला, नाव मागच्या बाजूला नेलं. माप ४५ मिमी. अक्षरांत रंग भरायचाच नाही, ती उठावाची ठेवून भोवतीची जमीन काळी केली. शिरोरेषाही जाड केली, पण मात्रांना जागा सोडून.

कोणीतरी मागच्या बाजूला अशोकस्तंभाची सिंहमुद्रा सुचवली होती. २००५ च्या कायद्यानं या राष्ट्रीय चिन्हाच्या अशा वापराला बंदी आहे, म्हणून तिथे ढोल वाजवायचं टिपरू आलं.

दुसऱ्या नमुन्यात रफार बोटालाही लागतो.