मोटरला व्होल्टेज पुरत नाही? डीपीला बोलायच्या आधी हा हिशोब करा

राजेहो, वावरातल्या मोटरनं पाणी कमी फेकलं की सगळे डीपीवरच खापर फोडतात, पण लाईनच कमी आहे का आपली केबल खाते हे दोन साध्या सूत्रांत समजते. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा), तो ओहममध्ये. व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर, ती वॅटमध्ये. पहिला नियम जॉर्ज ओहमनं १८२७ मध्ये छापला, जगभर आजही तोच चालते.

आधी पाणी तापवायच्या रॉडवर करून पाहा. रॉडवर १५०० वॅट, २३० व्होल्ट लिहिलेलं आहे, तर १५०० भागिले २३० म्हणजे करंट साडेसहा अँपिअर, अन २३० भागिले ६.५ म्हणजे रेझिस्टन्स साधारण ३५ ओहम. हा रेझिस्टन्स फारसा बदलत नाही, म्हणून संध्याकाळी लाईन १७० वर आली की करंट १७० भागिले ३५, म्हणजे ४.९ च्या आसपास, अन पॉवर ८३० वॅटच्या जवळ. व्होल्टेज पाव हिस्सा उतरलं न पॉवर जवळपास अर्ध्यावर आली, काहून की व्होल्टेजसोबत करंटही उतरतो.

आता विहिरीवर चला. समजा १ एचपीची सिंगल फेज मोटर आहे, अन बोर्डापासून विहिरीपर्यंत २०० मीटर केबल, तांब्याची, अडीच एमएमची (म्हणजे तारेचा छेद अडीच चौरस मिलीमीटर). बोर्डावर न मोटरपाशी, दोन्हीकडे व्होल्टेज अन तारेतला करंट मोजायचा. मोटर चालू ठेवूनच मोजा, हे सगळ्यात महत्त्वाचं, बंद मोटरला करंट नसतो तर केबलमध्ये व्होल्टेज पडतच नाही अन मीटर दोन्ही टोकांना सारखंच दाखवते. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, न सवय नसेल तर वायरमनलाच बोलवा. टाँग टेस्टर (वायर न तोडता करंट मोजणारा चिमट्यासारखा मीटर) एकाच वायरभोवती लावा, दोन्ही वायर त्यात घेतल्या तर जाणारा न येणारा करंट एकमेकाला मारतात अन शून्य येते.

समजा बोर्डावर २२०, मोटरपाशी १९६ अन करंट ८ अँपिअर आला. मधात २४ व्होल्ट गेले. २४ भागिले ८, म्हणजे केबलचा रेझिस्टन्स ३ ओहम. अडीच एमएम तांब्याचा किलोमीटरला साधारण ७.४ ओहम असते न जाऊन येऊन तार ४०० मीटर, म्हणजे ३ च्या जवळच यायला पाहिजे, तर केबल खराब नाही, बारीक आहे. २४ गुणिले ८, म्हणजे १९२ वॅट नुसते तार तापवण्यात चालले. याच्यापेक्षा खूप जास्त ओहम आले तर जोड तपासा, काळा पडलेला जॉइंट किंवा ढिला स्क्रू सापडते.

पण मोटरचा रेझिस्टन्स असा काढू नका, तिथं नुसती वायंडिंगची (मोटरमधल्या गुंडाळीची) तार नसते. पॉवरलाही पॉवर फॅक्टरनं (व्होल्ट गुणिले अँपिअरमधला खरा पॉवरचा हिस्सा, इथं ०.८ धरला) गुणावं लागते: १९६ गुणिले ८ गुणिले ०.८, म्हणजे १२५० वॅट. (थ्री फेजला, दोन फेजमधलं व्होल्टेज घेऊन, वरून १.७३२ नं गुणा.) अन रॉडच्या उलट, लोडवरची मोटर कमी व्होल्टेजला जास्त करंट ओढते, वायंडिंग त्यानंच जळते.

४ एमएमची केबल टाकली तर हेच २४ व्होल्ट १५ वर येतात. पण बोर्डावरच १८० येत असेल तर केबल बदलून पैसे घालवू नका, वेळ न आकडे कागदावर लिहून लाईनच्या ऑफिसात लेखी तक्रार द्या, पोच घ्या.